मोल्सवर्थ कुठला? दुर्मिळ इंग्रजी आडनावाचा माग काढण्याच्या पायऱ्या

जुना मराठी शब्द अडला की आजही ज्या कोशाकडे हात जातो, त्याला आपण त्याच्या पूर्ण नावाने कधीच ओळखत नाही. नुसतं 'मोल्सवर्थ' म्हणतो. जेम्स थॉमस मोल्सवर्थ, कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी, जन्म १७९५, मृत्यू १८७१. त्याने केलेल्या या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये निघाली, वाढवलेली दुसरी १८५७ मध्ये. कोश इथे बाजूला ठेवू आणि फक्त आडनाव हातात घेऊ, कारण इंग्रजी आडनावांचा माग कसा काढतात हे शिकायला याच्याइतकं सोयीचं उदाहरण मिळणं कठीण आहे. आडनाव दुर्मिळ आहे, त्याचं गाव नकाशावर अजून आहे, आणि वाटेत लागणारा प्रत्येक खड्डा त्यात सापडतो.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. कुणाला जुन्या चर्चमधल्या संगमरवरी पाटीवर नाव दिसलेलं असतं, कुणाला पेशवे दफ्तराच्या कागदांत, कुणाच्या लेकीच्या सासरचं ते आडनाव असतं. कुतूहल कुठूनही आलेलं असो, रीत एकच. आणि यातलं बहुतेक काम लंडनला न जाता, घरी बसून, फुकट होतं.

स्मिथ, ब्राउन, टेलर अशी आडनावं असतील तर मात्र सरळ सांगतो, नवख्याने वाटेला जाऊ नये. ती शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मली, त्यांचा एक इतिहास नसतो. दुर्मिळ आडनावाचं उलट असतं. ते बहुधा एका गावातून, कधी कधी एकाच माणसापासून सुरू झालेलं असतं. म्हणून आधी गाव शोधायचं, मग माणसं. नवखी मंडळी नेमकं उलटं करतात: एखादा नामवंत पकडतात आणि त्याच्यापासून खाली उतरत येतात.

पायरी १: सगळी रूपं कागदावर

इंग्रजी आडनावांचं लेखन एकोणिसाव्या शतकापर्यंत पक्कं नव्हतं. पाद्र्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. म्हणून शोध सुरू करण्याआधी एका कागदावर शक्य ती रूपं मांडा. आपल्या उदाहरणात मोल्सवर्थ, मोलेसवर्थ, मोल्लेसवर्थ, मोल्सवॉर्थ, मूल्सवर्थ. मार्था मूल्सवर्थ नावाच्या विधवेने १६३२ मध्ये स्वतःच्या आयुष्यावर इंग्रजीत एक कविता लिहिली, वयाच्या प्रत्येक वर्षाला एक अशी ५५ द्विपदींची. तिच्या आडनावात आजच्या लेखनापेक्षा एक 'यू' जास्त आहे. तुम्ही फक्त आजचं लेखन टाकून शोधलंत तर ही बाई कधीच हाती लागणार नाही.

मराठीतली रूपंही त्याच कागदावर लिहा. जुन्या मराठी मासिकांत मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलवर्थ असं काहीही सापडतं.

आता दोन सापळे. पहिला छापखान्याचा. अठराव्या शतकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत इंग्रजी छपाईत शब्दाच्या मधला 'एस' लांब, एफसारखा दिसणारा असे. जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं यंत्राने वाचली जातात तेव्हा यंत्र त्याला एफच समजतं, आणि मोलेसवर्थचा 'मोलेफवर्थ' होतो. हा मोलेफवर्थ शोधपेटीत टाकून बघाच, नुसत्या या युक्तीने अठराव्या शतकातले उल्लेख वर येतात.

दुसरा सापळा सारख्या आवाजाच्या, पण वेगळ्या मुळाच्या आडनावांचा. चेशरमध्ये, चेस्टर शहरापासून जवळच, मोल्ड्सवर्थ नावाचं दुसरंच गाव आहे आणि त्यावरून आडनावही पडलेलं आहे. जुन्या कागदांत दोन्ही रूपं एकमेकांत सहज मिसळतात. बऱ्याच संकेतस्थळांवर 'सारखा उच्चार' शोधायची सोय असते. ती बहुधा साउंडेक्स नावाच्या पद्धतीवर चालते, जिचं पेटंट अमेरिकेत १९१८ मध्ये घेतलं गेलं. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. तिच्यात मोल्सवर्थ आणि मूल्सवर्थ दोघांचा संकेत एम-४२६ येतो, पण चेशरच्या मोल्ड्सवर्थचा 'डी'मुळे एम-४३२. म्हणजे इथे यंत्राने नशिबाने योग्य वाटणी केली. दर वेळी करेल असं नाही. तुमच्या आडनावाचा संकेत हाताने काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी २: आडनाव कशावरून पडलं?

इंग्रजी आडनावांचे ढोबळ चार प्रकार: गावावरून किंवा जागेवरून, बापाच्या नावावरून, धंद्यावरून आणि टोपणनावावरून. १०६६ मध्ये नॉर्मन आले, त्यानंतर आधी जमीनदारांनी आणि मग हळूहळू सामान्यांनी वंशपरंपरागत आडनावं धरली. दक्षिण इंग्लंडात चौदाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेकांची आडनावं स्थिरावली होती, उत्तरेकडे थोडा उशीर लागला.

मोल्सवर्थ पहिल्या प्रकारातलं. मोल्सवर्थ हे गाव जुन्या हंटिंग्डनशर परगण्यातलं; १९७४ पासून तो भाग केंब्रिजशरमध्ये मोडतो. विल्यम राजाने १०८६ मध्ये करून घेतलेल्या डूम्सडे पाहणीत ते 'मोलेसवर्डे' असं नोंदलेलं आहे. शेवटचा 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आणि पुढचा भाग मूल या जुन्या इंग्रजी पुरुषनामावरून. चिचुंदरीसारख्या त्या बीळ खणणाऱ्या 'मोल' प्राण्याशी याचा संबंध नाही, लोक कितीही जोडोत.

गावावरून पडलेल्या आडनावाची खोड मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. पुण्यात राहणाऱ्याला शेजारी पुणेकर म्हणत नाहीत; तो नाशकात जाऊन राहिला की म्हणतात. इंग्लंडातही हेच झालं. म्हणून आडनाव सापडण्याची शक्यता गावात कमी आणि गावाच्या आसपासच्या पंधरा-वीस मैलांत जास्त. मोल्सवर्थ घराण्याचे जुने उल्लेख फोदरिंगे आणि हेल्पस्टन या नॉर्दॅम्प्टनशरकडच्या गावांशी जोडलेले आहेत, ते याच पट्ट्यात. (फोदरिंगे म्हणजे तेच, जिथल्या किल्ल्यात १५८७ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद झाला.)

अर्थ शोधताना इंटरनेटवरच्या 'तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह' छाप दुकानांच्या नादी लागू नका. ती कुठल्याही आडनावाला शूर पूर्वज आणि ढाल विकतात. इंग्लंडात कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं. भरवशाचं साधन म्हणजे ऑक्सफर्डने २०१६ मध्ये चार खंडांत काढलेला ब्रिटन-आयर्लंडच्या आडनावांचा कोश. त्याच्यात प्रत्येक आडनावाखाली जुन्या कागदांतले दिनांकित दाखले दिलेले असतात. अर्थापेक्षा त्या दाखल्यांच्या परगण्यांकडे लक्ष द्या. पुढच्या पायरीला तेच लागणार आहेत.

पायरी ३: १८८१ चा नकाशा

सगळ्या कामातली ही सर्वांत रसाळ पायरी, आणि इथे घाई करू नका.

ब्रिटनची जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होते, पण घरोघरच्या माणसांची नावं १८४१ पासूनच सरसकट टिकली आहेत. त्यातली ३ एप्रिल १८८१ ची जनगणना आडनावांच्या अभ्यासकांची लाडकी, कारण मॉर्मन चर्चच्या आणि कुटुंबेतिहास मंडळांच्या स्वयंसेवकांनी ती सबंध उतरवून काढली आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर ती विनाशुल्क शोधता येते. रेल्वेमुळे माणसं हलायला लागली होती, तरी मोटारगाड्यांनी देश ढवळून निघाला नव्हता. त्यामुळे आडनावं अजून आपल्या मुळाजवळ बसलेली दिसतात. स्टीव्ह आर्चर यांनी याच जनगणनेवरून एकोणिसाव्या शतकातल्या आडनावांचा ॲटलास संगणकासाठी तयार केला. आडनाव टाकलं की परगणावार रंगवलेला नकाशा येतो. तो विकत घ्यायचा नसेल तर फॅमिलीसर्चवर एकेका परगण्याची मोजणी करून वहीत लिहा. दुर्मिळ आडनावाचं हे काम एका संध्याकाळचं.

मोजल्यावर भागाकार करा. हे न केल्यामुळे निम्मे नवखे फसतात. लंडन नेहमीच पहिलं येतं, कारण तिथे माणसंच जास्त. १८८१ मध्ये लंडनची वस्ती सुमारे ३८ लाख होती आणि सबंध हंटिंग्डनशरची सुमारे ६० हजार. समजा, केवळ हिशेबासाठी, एखाद्या आडनावाचे लंडनमध्ये ३० आणि हंटिंग्डनशरमध्ये ६ लोक सापडले. कच्च्या आकड्यांत लंडन पाचपट. पण दर दहा लाखांमागे काढलं तर लंडन ८ आणि हंटिंग्डनशर १००. आडनावाचं घर कुठलं, हे दुसरा हिशेब सांगतो.

त्यानंतर ठिपके वाचा. इंग्लंडच्या कुठल्याशा टोकाला एकटाच ठिपका दिसला की त्या घराची नोंद उघडून 'जन्मस्थान' हा रकाना बघायचा. रॉचडेल या लँकेशरमधल्या गिरणगावाचं उदाहरण घ्या. तिथे मोल्सवर्थ दिसले की कुणालाही वाटेल, गिरणीसाठी स्थलांतर. पण जॉन एडवर्ड नॅसॉ मोल्सवर्थ हे १८७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत बरीच वर्षं रॉचडेलचे व्हिकार, म्हणजे तिथल्या चर्चचे मुख्य पाद्री, होते, त्यांचे इतिहासकार पुत्र विल्यम नॅसॉ मोल्सवर्थही शेजारच्याच स्पॉटलंडला पाद्री होते. पाद्री, लष्करी अधिकारी, जकात अधिकारी यांची घरं नकाशावर नेहमी असे भलतीकडे ठिपके टाकतात. हेन्री ब्रूअम गप्पी नावाच्या गृहस्थांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. १८९० मध्ये आडनावांच्या मूळ ठिकाणांचा अभ्यास करताना त्यांनी व्यापारी निर्देशिकांतून फक्त शेतकऱ्यांची नावं मोजली, कारण सर्वांत कमी हलतो तो शेतकरी. तुम्हीही १८८१ च्या नोंदींत 'व्यवसाय' रकान्याप्रमाणे दोन ढीग करा, शेती आणि बाकीचे. शेतीच्या ढिगाचा नकाशा जास्त खरं बोलतो.

पायरी ४: आता मागे चला

नकाशाने एखादा परगणा दाखवला की एकेक पिढी मागे जायचं. क्रम मोडू नका.

१ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-लग्नांची सरकारी नोंद सुरू झाली. तिच्या सूच्या फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी फुकट उपलब्ध केल्या आहेत. आडनाव दुर्मिळ असल्याचा खरा फायदा इथे मिळतो: १८३७ ते १८८१ मधल्या सगळ्या नोंदी एका तक्त्यात उतरवता येतात आणि नोंदणी जिल्ह्याप्रमाणे कुटुंबं आपोआप वेगळी पडायला लागतात. जनरल रजिस्टर ऑफिसची स्वतःची ऑनलाइन सूचीही आहे, तिच्यात जन्मनोंदीला आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं. एकाच जिल्ह्यात दोन जॉन मोल्सवर्थ एकाच वर्षी जन्मले असतील तर तेवढ्यावरून सोडवता येतात.

जनगणनेत एक ध्यानात ठेवा. १८५१ पासून जन्माचं गाव लिहिलेलं असतं. १८४१ मध्ये फक्त 'याच परगण्यात जन्म, होय की नाही'. शिवाय १८४१ मध्ये पंधरापुढच्या लोकांची वयं सहसा खालच्या पाचावर आणून लिहिली आहेत. ३९ वर्षांचा माणूस ३५ दिसतो.

१८३७ च्या मागे गेलात की चर्चच्या वह्या. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम काढला. बहुतेक वह्या प्रत्यक्षात त्यानंतरच्या. सुरुवातीची सुटी पानं हरवली आणि १५९८ च्या आदेशानुसार चर्मपत्रावर नक्कल करताना अनेकांनी १५५८ पासूनच उतरवलं. १५९८ नंतर दरसाल एक प्रत बिशपकडे जायची. पॅरिशची वही उंदरांनी खाल्ली असेल तर बिशपची प्रत शोधायची. १६४० ते १६६० या यादवीच्या काळात पुष्कळ ठिकाणी भोकं आहेत, तिथे डोकं आपटत बसू नका. लग्नांसाठी १७५४ आणि बाप्तिस्म्यांसाठी १८१३ पासून छापील नमुने आले, तेव्हापासून वाचन सोपं.

आणि तारीख! १७५२ पूर्वी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. वहीत 'फेब्रुवारी १७१०' लिहिलंय म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७११. हे विसरलं की मे १७१० मध्ये लग्न झालेल्या जोडप्याचं मूल लग्नाआधी तीन महिने जन्मलेलं दिसतं आणि विनाकारण एखाद्या बाईची बदनामी होते.

मृत्युपत्रं हा वेगळाच खजिना. १८५८ पर्यंत ती चर्चच्या न्यायालयांत सिद्ध व्हायची. त्यांतलं सर्वांत वरचं, कँटरबरीचं प्रिरॉगेटिव्ह कोर्ट, त्याची १३८४ पासूनची मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूचीत आडनावाने शोधता येतात. वही सांगते, कोण जन्मलं. मृत्युपत्र सांगतं, कोण कुणाचा कोण, कुणाला गाय मिळाली आणि कुठला जावई नावडता होता. दुर्मिळ आडनावाची दोन कुटुंबं जोडलेली आहेत का, याचा निकाल बहुधा इथेच लागतो. सतराव्या शतकासाठी १६६२ ते १६८९ मधला चुलीवरचा कर आहे: घरात किती चुली, त्यावर पैसा. त्या याद्या म्हणजे जनगणनेच्या दोनशे वर्षं आधीचा आडनावांचा नकाशाच. आणि त्याच्याही मागे १३७७, १३७९ आणि १३८१ चे डोईपट्टीचे कागद, ज्यांत आडनाव नुकतंच चिकटत असल्याचं दिसतं.

या पायरीपर्यंत पैसे भरून घ्यायच्या संकेतस्थळांचं सदस्यत्व घेऊ नका. तक्ता भरल्यावर नेमकं काय हवंय ते कळतं, मग एका महिन्याचं सदस्यत्व पुरतं.

पायरी ५: थोर घराण्यांचा मोह

आता कुठे नामवंतांकडे वळायचं. मोल्सवर्थ आडनावात ते भरपूर आहेत, म्हणूनच धोका.

घराण्याची दोन मोठी झाडं. एक आयर्लंडमधलं. डब्लिनच्या व्यापाऱ्याचा मुलगा रॉबर्ट मोल्सवर्थ, जन्म १६५६, डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा राजदूत होता, तिथल्या राजेशाहीवर कडक टीका करणारं पुस्तक लिहून गाजला आणि १७१६ मध्ये व्हायकाउंट, म्हणजे सरदार, झाला. पुढचा तिसरा व्हायकाउंट रिचर्ड याने १७०६ च्या रामिलीच्या लढाईत घोड्यावरून पडलेल्या सेनापती मार्लबरोला स्वतःचा घोडा दिला. दुसरं झाड कॉर्नवॉलमधल्या पेनकॅरो इथलं. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ कॉर्नवॉलच्या डचीचा, म्हणजे तिथल्या राजघराण्याच्या जहागिरीचा, हिशेबतपासनीस म्हणून तिकडे गेला. त्याच्या वंशातला हेंडर मोल्सवर्थ जमैकाचा कारभार बघत होता आणि १६८९ मध्ये बॅरोनेट झाला, म्हणजे त्याला वंशपरंपरागत 'सर' किताब मिळाला. याच शाखेतले आठवे बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ १८५५ मध्ये वसाहत मंत्री झाले आणि त्याच वर्षी वारले.

दोन्ही शाखा नॉर्दॅम्प्टनशरच्या एकाच घराण्यातून निघाल्या असं पीअरेजचे ग्रंथ, म्हणजे सरदारांच्या वंशावळी, सांगतात. तेच ग्रंथ मूळपुरुष म्हणून सर वॉल्टर द मोल्सवर्थ उभा करतात आणि त्याला पहिल्या एडवर्डबरोबर धर्मयुद्धाला पाठवतात. अशा कथा वाचायच्या, पेन्सिलीने लिहायच्या, आणि कागद सापडेपर्यंत शाई लावायची नाही. वंशावळींचा सोळाव्या शतकानंतरचा भाग बहुधा ठीक असतो. त्याआधीचा भाग घराण्याला जे आवडेल ते सांगतो.

मोठ्या घराण्यांकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. 'हेंडर' हे नाव विचित्र वाटतं ना? ते मुळात आडनाव. पेनकॅरोच्या पहिल्या जॉनची बायको हेंडर घराण्यातली होती आणि तिचं माहेरचं आडनाव पुढे मुलानातवांचं पहिलं नाव बनलं. इंग्रजी नावात मधेच एखादं न शोभणारं नाव दिसलं की आधी ते कुणा आजीचं माहेर आहे का ते बघा.

उलट बाजूही लक्षात घ्या. मिसेस मोल्सवर्थ या नावाने व्हिक्टोरियन काळात मुलांसाठी पुष्कळ लिहिणारी लेखिका (१८३९–१९२१) जन्माने स्ट्युअर्ट; आडनाव नवऱ्याचं. पेनकॅरोचं घराणं पुढे मोल्सवर्थ-सेंट ऑबिन झालं, कारण मालमत्तेबरोबर दुसरं आडनाव जोडलं गेलं. आणि वेस्ट इंडीजमध्ये इंग्रज मळेवाल्याचं आडनाव भेटलं तर ते गुलाम केलेल्या माणसांनी धारण केलेलं, किंवा त्यांच्यावर लादलेलं असण्याची शक्यता आधी तपासायची. त्या इतिहासासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा गुलामीच्या वारशावरचा माहितीसाठा खुला आहे.

पायरी ६: गाळ उपसणे

वर्तमानपत्रांच्या साठ्यात गावावरून पडलेलं आडनाव टाकलं की गावच अंगावर येतं. मोल्सवर्थ टाका: केंब्रिजशरमधला विमानतळ, जिथे १९८० च्या दशकात अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रांविरुद्ध शांततावाद्यांनी तळ ठोकला होता, डब्लिनमधला मोल्सवर्थ स्ट्रीट, वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडच्या संसदेजवळून जाणारा त्याच नावाचा रस्ता, आणि मार्लबरो भागातलं मोल्सवर्थ स्टेशन, जे रेल्वे स्टेशन नाही तर सुमारे १,८०,००० हेक्टरांचा, त्या देशातला सर्वांत मोठा पशुपालन फार्म आहे. उपाय साधा. आडनावापुढे मिस्टर, कॅप्टन, रेव्हरंड, मिसेस अशी संबोधनं लावून अवतरणचिन्हांत शोधा. माणसं वर येतात, रस्ते गळून पडतात.

पायरी ७: जनुकांची चाचणी, वाटल्यास

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, इंग्रजी आडनावही तसंच. ब्रायन साइक्स आणि कॅथरिन अर्व्हन यांनी २००० साली साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी केली, त्यांतल्या ४४ टक्क्यांच्या आसपास पुरुषांचं वाय गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं. लेस्टर विद्यापीठातल्या तुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले: आडनाव जितकं दुर्मिळ, तितके एकाच पूर्वजाचे वंशज जास्त. ॲटनबरोसारख्या आडनावात तर बहुतेक सगळे एकाच गटात. स्मिथमध्ये असलं काही नाही.

मात्र ही चाचणी दुसऱ्याच्या घरातली गुपितंही बाहेर काढते. दत्तक, विवाहबाह्य संतती, काहीही. ज्याची लाळ त्याची परवानगी, लेखी. आणि कागदाचं काम झाल्याशिवाय चाचणीचा काही उपयोग नाही, कारण जुळलं तरी कुठल्या शतकात जुळलं ते कळत नाही.

आडनावं दुर्मिळ का होतात, हा प्रश्न इथे येतोच. काही मुळातच छोट्या वस्तीची. काही १३४८-४९ च्या प्लेगमध्ये गेली. आणि काही निव्वळ योगायोगाने, कारण दोन पिढ्या फक्त मुली झाल्या. फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये हा प्रश्न जाहीरपणे विचारला आणि पुढच्या वर्षी हेन्री वॉटसनबरोबर त्याचं गणित मांडलं. मुली झाल्या म्हणून घराणं 'बुडालं' म्हणणाऱ्यांना इंग्लंडातही तोटा नव्हता.

पायरी ८: इकडची बाजू

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांचा माग इकडून काढणं अनेकदा सोपं जातं, आणि मराठी वाचकाला ते जास्त जवळचं. पण एकाच आडनावाची माणसं एकत्र करू नका. हिंदुस्थानाशी संबंध असलेले तीन तरी नामवंत मोल्सवर्थ आहेत. कोशकार जेम्स थॉमस. त्यानंतर सर गिल्फर्ड लिंडसे मोल्सवर्थ (१८२८–१९२५), रॉचडेलच्या त्या व्हिकारचेच चिरंजीव, जे सिलोनच्या रेल्वेनंतर हिंदुस्थान सरकारचे रेल्वेचे सल्लागार अभियंता झाले. त्यांची सूत्रांची खिशातली वही अभियंत्यांच्या पिढ्यांनी वापरली. आणि विसाव्या शतकातले लेफ्टनंट जनरल जॉर्ज नोबल मोल्सवर्थ. रेल्वेच्या जुन्या फाइलीत 'मोल्सवर्थ साहेब' दिसले म्हणून कोशाला जोडायला धावू नका. तारीख आणि हुद्दा बघा.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत. त्यातल्या एन/३ या मालिकेत मुंबई इलाख्यातले ख्रिस्ती बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं १७०९ पासून आहेत. त्यांचा मोठा भाग आता फाइंडमायपास्टवर बघता येतो. वर सांगितलेलं एका महिन्याचं सदस्यत्व घ्यायचं ते यासाठी. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या स्वयंसेवी मंडळाचा शोधसाठा फुकट आहे, त्यात पंचांगवजा निर्देशिका, जहाजांचे प्रवासी, वर्तमानपत्रांतल्या जन्म-मृत्यूच्या ओळी असं काय काय सापडतं. कबरींसाठी १९७६ मध्ये स्थापन झालेली दक्षिण आशियातल्या दफनभूमींची ब्रिटिश संस्था, बॅक्सा, हिच्या याद्या बघा. मुंबईत असाल तर सेंट थॉमस कॅथीड्रलच्या भिंती एकदा सावकाश वाचा. १७१८ मध्ये उघडलेल्या त्या चर्चमध्ये एवढे स्मृतिलेख आहेत, की आडनावांचा सराव तिथेच होतो. सरकारी कागदांसाठी मुंबई आणि पुण्याची पुराभिलेखागारं आहेतच.

सर्वांत उपयोगी कागद मात्र फौजेत भरती होणाऱ्या पोराचा. कंपनीच्या कॅडेटला वयाचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल द्यावी लागे. हे कॅडेट पेपर ब्रिटिश लायब्ररीत एल/एमआयएल/९ या मालिकेत आहेत. महाराष्ट्रात कबर असलेल्या कुठल्याही कंपनी अधिकाऱ्याला त्याच्या इंग्लंडातल्या नेमक्या पॅरिशशी जोडणारा हा सरळ पूल. तिथून पायरी ४ ला परत जायचं.

तक्ता भरत आला की गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज या १९७९ पासून चालणाऱ्या मंडळाच्या सूचीत तुमचं आडनाव आधीच कुणी घेतलंय का ते बघा. घेतलं असेल तर पत्र लिहा. ही मंडळी उत्साही असतात, आणि मुंबई-पुण्याच्या नोंदी पाठवणारा माणूस त्यांना सहसा मिळत नाही. नोंद पाठवताना मूळ लेखन जसंच्या तसं, पॅरिश, तारीख आणि कागदाचा क्रमांक एवढं असलंच पाहिजे. हयात माणसांची नावं पाठवू नका.

सरावासाठी दुसरं आडनाव हवं असेल तर कोशाच्याच पानावरचं घ्या: कँडी. जॉर्ज आणि थॉमस हे जुळे भाऊ मोल्सवर्थचे सहकारी, आणि थॉमस कँडी पुढे पूना कॉलेजचा प्रमुख. आडनाव दुर्मिळ आहे, पण पायरी ६ इथे जास्त कठीण जाईल. ब्रिटिश वर्तमानपत्रांत मिठाई येईलच. मुंबईच्या वर्तमानपत्रांत त्याहून मोठा त्रास कापसाचा. आपल्या खंडीला इंग्रजी छापील भावात 'कँडी' लिहीत आणि कापसाचे दर आजही तसेच छापतात. नुसतं आडनाव टाकलंत तर एकोणिसाव्या शतकातले कापूस बाजाराचे सगळे चढउतार वाचावे लागतील. 'कॅप्टन कँडी' आणि 'मेजर कँडी' असं, अवतरणचिन्हांत टाका.